रे लंडनची साक्ष

गाडी लीड्सच्या रिंग रोडला लागली तेव्हा मागच्या सीटवरून हरिदास लोंढ्यांनी विचारलं, "राजेंद्र, आज साक्ष कोण देणार आहे?"

राजेंद्रने आरशात बापाकडे पाहिलं आणि लगेच नजर रस्त्यावर आणली. "मीच, पप्पा. तीन मिनिटं. मग पुन्हा गाणी."

"बरं आहे. साक्ष आखूडच असावी. लांबली की माणूस देवाचं सोडून स्वतःचंच कौतुक सांगत बसतो."

शेजारी बसलेली त्याची बायको सुप्रभा काही बोलली नाही. हॉस्पिटलात बारा-बारा तासांच्या शिफ्टा करणारी आणि जे असेल ते तोंडावर सांगणारी बाई अशी गप्प बसली, की समजावं, पाणी नाकाशी आलंय. राजेंद्रला ते समजत होतं. त्याने रेडिओ लावला.

ख्रिस्ती मंडळीत साक्ष देणं म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. कोर्टातल्या साक्षीलाही मराठीत तोच शब्द आहे, आणि हरिदासांच्या लेखी दोन्हींत काडीचा फरक नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा गृहस्थ नगर जिल्ह्यात चाळीस वर्षं कीर्तनं करत हिंडला होता. धोतर, उपरणं, फेटा, हातात चिपळ्या, आणि आख्यान येशूचं. आपल्याकडे ख्रिस्ती कीर्तनकार म्हटलं की नगरकर ओळखीचं हसतो. नगरच्या बाहेर मात्र जरा समजावून सांगावं लागतं, आणि लीड्समध्ये ते कुणी नीट समजावून सांगितलंच नव्हतं. सगळं तिथेच बिनसलं होतं.

झालं होतं असं. सुप्रभाला नर्स म्हणून इथे नोकरी लागली आणि नगरच्या मिशन शाळेतला संगीत शिक्षक राजेंद्र तिच्या मागोमाग येऊन एका वेअरहाउसमध्ये खोकी भरायला लागला. पण त्याच्याजवळ एक गिटार होती. नगर सोडून अमेरिकेला परत जाताना एका मिशनरी मॅडमने ती त्याला दिली होती, आणि तिच्यासोबत कंट्री गाण्यांच्या तबकड्यांची एक ट्रंक. शेतं, आगगाड्या, तुरुंग, आई आणि येशू, एवढीच त्या गाण्यांची इस्टेट. राजेंद्रला ती लहानपणापासून घरच्यासारखी वाटायची. यॉर्कशरमध्ये, म्हणजे लीड्सच्या मुलखात, येऊन पाहतो तर इथले रिटायर झालेले खाणकामगार शनिवारी काउबॉयच्या हॅट घालून क्लबात तीच गाणी ऐकत बसलेले. राजेंद्रने एकदा भीतभीत माईक हातात घेतला, आणि त्या खर्जातल्या आवाजाने लोकांचे बिअरचे ग्लास वाटेतच थांबले.

कीथ नावाच्या एजंटाने त्याला क्लबातून उचलून चॅपलांमध्ये नेलं. 'लोंढे' कुणाला म्हणता येईना, म्हणून कीथने त्याचं 'रे लंडन' केलं. लंडनवर खार खाणाऱ्या यॉर्कशरच्या माणसांपुढे लंडन हे नाव लावून उभं राहायचं म्हणजे मार खायची लक्षणं, पण आवाजापुढे तेही खपून गेलं.

मग २००२ साली एका ख्रिस्ती मासिकाच्या बाईंनी मुलाखत घेतली आणि वडील काय करतात असं विचारलं. कीर्तनकाराला इंग्रजीत काय म्हणतात हे राजेंद्रला आजही माहीत नाही. तो म्हणाला, लाइक अ हिंदू प्रीस्ट, गोष्ट गाऊन सांगतात. बाईंनी फोटो मागितला. त्याने कीर्तनातला दिला. फोटोत बापाच्या गळ्यात हार होता, डोक्याला फेटा होता, आणि कपाळ मोकळं होतं, पण मोकळं कपाळ दिसायला डोळे मराठी लागतात. त्यात नाव हरिदास. मासिकात छापून आलं: हिंदू पुरोहिताचा मुलगा ख्रिस्ताकडे वळला. 'लाइक' तेवढा छापायचा राहून गेला होता.

राजेंद्रने कीथला फोन करून चूक दुरुस्त करायला सांगितलं. कीथ म्हणाला, आज सकाळपासून आठ चॅपलांचे फोन आलेत, तू जरा गप्प बस. आणि राजेंद्र गप्प बसला. मनुष्य एकदा गप्प बसला की पुढचं खोटं त्याला बोलावं लागत नाही, लोकच बोलून घेतात, त्याने फक्त मान हलवायची. पण राजेंद्र मान हलवून थांबला नाही. चार वर्षांत त्याच्या साक्षीत बापाने त्याला घराबाहेर काढलं, आईला रडवलं आणि गिटार कुऱ्हाडीने फोडली. ज्या बापाने गिटारच्या तारा तुटल्या तेव्हा मुंबईहून पोस्टाने मागवल्या होत्या, त्याच बापाने. लोक रडायचे. राजेंद्रही रडायचा, आणि ते रडणं मात्र खरं असायचं.

आणि आता तोच बाप तीन आठवड्यांसाठी लीड्सला आला होता. आजच्या दोन कार्यक्रमांचं, दुपारी तीनचं आणि संध्याकाळी सहाचं, शूटिंग व्हायचं होतं. त्यानंतर मँचेस्टरपासून एडिनबरापर्यंत बारा गावांचा दौरा. तो मिळाला की वेअरहाउस कायमचं सुटणार होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी खोकी उचलून राजेंद्रची कंबर धरायची, गिटार गळ्यात अडकवली तरी कळ यायची. कीथची अट एकच होती: पुरोहित बाप स्टेजवर आला पाहिजे, फोटोतल्या कपड्यांत. तीन मिनिटांच्या साक्षीनंतर बाप आणि मुलगा गळाभेट.

"तुमचा सत्कार करायचाय त्यांना," राजेंद्रने बापाला सांगितलं होतं. "फेटा बांधून या म्हणतात." म्हातारा हरखून गेला. साहेब लोकांना कीर्तनाची किंमत कळली म्हणून त्याने नगरला पत्रसुद्धा लिहिलं. आता मांडीवरच्या पिशवीत तो फेटा घडी घालून ठेवलेला होता.

राजेंद्रची सगळी भिस्त एका गोष्टीवर होती. बापाचं इंग्रजी कच्चं होतं. परवाच दुकानात बिस्किटं मागताना त्याची त्रेधा उडाली होती. साक्ष भरभर बोलायची, गळाभेट उरकायची, आणि तीन आठवडे संपले की विमानात बसवायचं.

चॅपलच्या कार पार्कमध्ये हरिदास आधी उतरून बाहेरची ट्युलिप्स बघत उभे राहिले. सुप्रभाने गाडीचं दार धरून ठेवलं.

"तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"शो झाल्यावर सांगतो."

"शो झाल्यावर काय सांगणार? सॉरी? लास्ट वीक म्हणालात संडेला सांगतो, मग म्हणालात डिनरनंतर सांगतो. अहो, ते स्टेजवर चढणार आहेत. त्यांच्या तोंडावर तुम्ही त्यांना मूर्तिपूजक म्हणणार, आणि ते तुम्हाला मिठी मारणार. तुम्हाला झोप कशी लागते?"

"लागत नाही," राजेंद्र म्हणाला. ते खरं होतं, पण त्याने तिचं समाधान झालं नाही.

वेस्ट्रीत, म्हणजे पाळकांचे झगे टांगायच्या खोलीत, हरिदास आरशापुढे फेटा बांधत होते. पीळ एकामागून एक बरोबर पडत होता. राजेंद्र दारात उभा राहिला. घड्याळात अडीच वाजले होते. आत्ता, त्याने ठरवलं.

"पप्पा, तुम्हाला एक सांगायचं होतं."

"सांग ना."

"इथल्या लोकांना आपलं सगळं कळत नाही. ते जरा वेगळं समजतात."

"समजेल हळूहळू. आपल्या लोकांना तरी कुठे पहिल्या दिवशी समजलं?" हरिदास आरशातूनच हसले. "तुझ्या आजोबांनी बाप्तिस्म्याला माझं नाव बदललं नाही, तेव्हा मंडळीतले काही जण नाराज होते. आजोबा म्हणाले, नाव हरीचं असलं म्हणून काय बिघडलं, माणूस खरा निघाला म्हणजे झालं. तू काय सांगत होतास?"

तेवढ्यात कीथ आत आला, फेटा पाहून त्याने दोन्ही हात वर केले आणि म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "ब्रिलियंट. अॅब्सोल्यूटली ब्रिलियंट." हरिदासांनी नगरच्या ख्रिस्ती रिवाजाने नमस्कार केला, "सलाम, सलाम." आणि सांगायचं राहून गेलं.

तीन वाजता सहाशे लोकांचं चॅपल भरलं होतं. हरिदास पहिल्या रांगेत सुप्रभाशेजारी ताठ बसले. राजेंद्रने दोन गाणी म्हटली. मग दिवे मंद झाले आणि साक्षीची वेळ आली.

त्याने भरभर बोलायचं ठरवलं होतं. कीथने मात्र त्याला चार वर्षं थांबत थांबत बोलायला शिकवलं होतं आणि जिभेला तीच सवय लागली होती. माझे वडील मूर्तींची सेवा करत. मी ख्रिस्ताचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी मला टाकलं. माझ्या आईने आसवं गाळली. त्यांनी माझं वाद्य फोडलं.

बोलता बोलता त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. बापाला बिस्किटाचं इंग्रजी येत नव्हतं. पण मराठी पवित्र शास्त्राशेजारी इंग्रजी बायबल उघडून तो साठ वर्षं रोज सकाळी एकेक ओळ ताडून बघत आला होता. मूर्ती, टाकून देणं, आसवं, फोडणं. या साक्षीत शास्त्राच्या बाहेरचा एकही शब्द नव्हता. बापाला जेवढं म्हणून इंग्रजी येत होतं, नेमकं तेवढंच मुलगा बोलत होता.

हरिदासांचा हात गुडघ्यावर ताल धरून होता. तो थांबला. त्यांनी सुप्रभाकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले.

पण कीथ तोवर स्टेजवर आला होता. लेडीज अँड जंटलमेन, तेच वडील आज इथे आहेत. दिवा पहिल्या रांगेवर पडला. हरिदास सावकाश उठले, सुप्रभाने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही, आणि तीन पायऱ्या चढून ते मुलाशेजारी उभे राहिले. कीथने माईक त्यांच्या तोंडाशी धरला. प्रश्न ठरलेला नव्हता, त्याला ऐन वेळी सुचला. "हरिदास, तुम्ही खरंच त्याची गिटार फोडली होती?" मग तो राजेंद्रला म्हणाला, "ट्रान्सलेट कर."

राजेंद्र बापाकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "पप्पा, ते विचारतात, प्रवास कसा झाला."

हरिदासांनी त्याच्याकडे पाहिलं. ते रागाने पाहते तर बरं झालं असतं.

"त्यांनी ते नाही विचारलं," ते हळूच म्हणाले.

कॅमेरा जवळ आला. राजेंद्रला वाटलं, आता एक 'नो' आणि संपलं सगळं. दौरा, रे लंडन, चार वर्षं, सगळं.

हरिदास माईककडे झुकले. "येस," ते म्हणाले. "आय ब्रोक. आय अॅम सॉरी."

लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. बापाने मुलाला मिठी मारली आणि त्याच्या कानात म्हटलं, "आता गा."

राजेंद्र गायला. कसा गायला ते त्याला आठवत नाही. लोक म्हणाले, इतका चांगला तो कधीच गायला नव्हता.

साडेचारला वेस्ट्रीत तिघं बसली होती. हरिदासांनी फेटा उतरवून मांडीवर घेतला होता. सुप्रभाने चहा आणला, तो समोर तसाच निवत होता.

"किती दिवस?" हरिदासांनी विचारलं.

"चार वर्षं."

"आणि वाद्य मी कशाने फोडलं?"

"कुऱ्हाडीने."

"आपल्याकडे कुऱ्हाड कधी होती?" हरिदासांनी फेट्याचा पदर सरळ केला. "कुठल्या हिंदू बापाने असं केलेलं पाहिलंस तू? आपल्या गल्लीत देवळाचे पुजारी होते, विष्णूपंत. तू सहा वर्षांचा होतास, त्यांनी आपली पेटी तुला शिकायला दिली. तू त्यांनाही सोडलं नाहीस रे. आम्हा दोघांचा मिळून एकच राक्षस केलास."

"पप्पा, तुम्ही येस का म्हणालात?"

"तू माझा मुलगा आहेस म्हणून. एवढ्या लोकांत तुला खोटा कसा पाडू?" त्यांनी फेटा मांडीवरून बाजूला ठेवला. "पण उद्या मी प्रभुभोजनाला मेजाजवळ जाणार नाही. लग्न झाल्यापासून एकही रविवार चुकवला नव्हता. 'खोटी साक्ष देऊ नकोस' ही नववी आज्ञा मोडून प्रभूची भाकर तोंडात घालता येत नाही."

दार उघडून कीथ आत आला. तो आनंदाने लालबुंद झाला होता. सहाच्या शोलाही सेम प्रश्न, सेम उत्तर, फक्त 'सॉरी' जरा मोठ्याने. आणि बारा गावांना म्हाताऱ्याला बरोबर न्यायचंच. व्हिसा वाढवायचं तो बघेल. राजेंद्रच्या पाठीवर थाप मारून तो निघून गेला.

"काय म्हणाला?" हरिदासांनी विचारलं.

या वेळी राजेंद्रने सगळं खरं भाषांतर केलं. ऐकून हरिदास उठले, आरशापुढे गेले आणि पुन्हा फेटा बांधायला लागले.

"पप्पा, काय करताय?"

"सहा वाजता विचारणार आहेत ना?"

"तुम्ही परत तेच सांगणार?"

"सांगेन. बारा गावांत सांगायला लावलंस तर बारा गावांत सांगेन. एकदा बुडालो, आता किती पाण्यात बुडालो त्याने काय फरक पडतो?" या वेळी पीळ सुटला आणि फेटा खांद्यावर आला. त्यांनी तो पुन्हा गोळा केला. पुन्हा सुटला. सुप्रभा तोंडावर हात धरून खिडकीकडे वळली. राजेंद्र बापाचा तिसरा प्रयत्न बघत उभा राहिला, आणि त्याला स्वतःची किळस आली.

सहाला चॅपल पुन्हा भरलं. नवे लोक, तेच दिवे, तोच कॅमेरा. या वेळी कीथने हरिदासांना पडद्याआड उभं केलं होतं. राजेंद्रने गाणं म्हटलं नाही. तो सरळ माईकपाशी गेला.

"माझं नाव राजेंद्र लोंढे," तो म्हणाला. "माझे वडील हरिदास लोंढे ख्रिस्ती आहेत. त्यांचे वडीलही ख्रिस्ती होते. त्यांनी मला कधी घराबाहेर काढलं नाही. माझी गिटार त्यांनी फोडली नाही, तिच्या तारा त्यांनी विकत आणल्या. चार वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो. आज दुपारी माझी लाज राखायला ते माझ्यासाठी खोटं बोलले. जन्मात पहिल्यांदा."

बाजूला उभा असलेला कीथ गळ्यावरून हात फिरवत त्याला थांबायच्या खुणा करत होता. मग त्याने कॅमेरावाल्याला बंद कर म्हणून सांगितलं. राजेंद्र माफी मागत होता, पण शब्द नीट येत नव्हते. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

तिसऱ्या रांगेतून एक म्हाताऱ्या बाई उभ्या राहिल्या. पांढरे केस, अंगात रेनकोट, हातात पर्स. त्या ओरडल्या नाहीत. चॅपलमध्ये आवाज असा घुमतो की ओरडायची गरजच पडत नाही.

"मी ते मासिक वाचलं तेव्हापासून तुमच्या वडिलांसाठी रोज सकाळी प्रार्थना करतेय," त्या म्हणाल्या. "त्यांचं मन वळावं म्हणून. माझे मिस्टर गेले त्या दिवशीसुद्धा केली. मग मी चार वर्षं कुणासाठी करत होते?"

पडद्याआडून हरिदास बाहेर आले. फेटा नव्हता, पांढऱ्या केसांचं डोकं उघडंच होतं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"काय म्हणतात त्या बाई?"

राजेंद्रने सांगितलं, नवऱ्याच्या मृत्यूसकट. हरिदासांनी बाईंकडे पाहून हात जोडले.

"त्यांना सांग, प्रार्थना वाया गेली नाही. मन वळायला हवं होतं ते खरंच आहे. बापाचं नाही, मुलाचं."

राजेंद्रने ते इंग्रजीत सांगितलं. शेवटच्या दोन शब्दांपाशी त्याला थांबून पुन्हा सुरुवात करावी लागली. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी रेनकोटाची बटणं लावली आणि कुणाकडेही न बघता दाराकडे चालू लागल्या. त्यांच्यामागे आणखी लोक उठले. सगळे नाही, पण पुष्कळ उठले. हरिदास मुलाशेजारी उभे राहिले आणि शेवटचा माणूस बाहेर जाईपर्यंत तिथून हलले नाहीत.